मामा गाडी उठवतात

आमच्या घरात या गाडीवरून जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नव्हती. लग्नाला निदान सगळ्यांचा होकार होता. हायब्रिड गाडीच्या बाजूनं मात्र अख्ख्या घरात एकच मत पडलं, आणि ते माझं होतं.

माझा नवरा आदिनाथ म्हणाला, डिझेलची मोठी गाडी घेऊ, गावाकडं जायला बरी पडते. माझा दीर रामेश्वर कन्नडला राहतो, शेती बघतो. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, अर्धी पेट्रोलवर आन अर्धी बॅटरीवर? म्हंजी धड ह्यात नाय न् धड त्यात नाय." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांची एकच अट होती, गाडी लाल पाहिजे. आणि सासरे, मुंजाबा, म्हणजे आमचे मामा, काहीच बोलले नाहीत. मेंढरामागं फिरणाऱ्या घरात जन्मून मामांनी काठी सोडली आणि ष्टेरिंग धरलं. कन्नडच्या स्टँडवरून संभाजीनगरपर्यंत त्यांनी उभी हयात जीप चालवली. पुढं लोकांकडं मोटरसायकली आल्या, जीपला पाशिंजर मिळेनात, आणि मामा आमच्याकडं गारखेड्यात राहायला आले. नवी गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चारही चाकांना हात लावून पाहिला आणि आत जाऊन पेपर वाचत बसले.

गाडी मी घेतली. लाल नाही, पांढरी. आणि घेतल्यावर गप्प बसायचं सोडून गावभर सांगत सुटले. मी क्रांती चौकाजवळच्या एका बँकेत नोकरी करते, तिथं सांगितलं. गल्लीत सांगितलं. भाजीवाल्या बाईलासुद्धा सांगितलं, की ही गाडी पेट्रोल नुसतं हुंगते, पीत नाही.

महिन्याभरात माझी बोलती बंद झाली. एका लिटरमध्ये किती किलोमीटर पडले हे गाडी समोरच्या पडद्यावर स्वतःच दाखवते. तिला कुणी विचारलेलं नसतं, तरी दाखवते. अकरा. फार तर बारा. आदिनाथची जुनी खटारा गाडीसुद्धा याहून जास्त देत होती. मी तो आकडा कुणाला सांगितला नाही, पण आदिनाथनं पाहिला, आणि आदिनाथनं पाहिलं म्हणजे कन्नडला कळलं.

मग रामेश्वरनं तोडगा काढला. काकासाहेब म्हणून मामांचे जुने सोबती आहेत, त्यांची जीपही त्याच लाइनीत चालायची. त्यांच्याकडं सात जणांची डिझेल गाडी आहे, आणि त्यांच्या मुलाला शहरात फिरवायला लहान गाडी हवी आहे. "अदलाबदल करून टाका," रामेश्वर म्हणाला. "रविवारी कन्नडला या, काका गाडी बघतेल, जागेवर ठरवू."

आदिनाथनं मला विचारलं, "मग? तू म्हणशील तसं."

मला राग आला की मी भांडत नाही, होकार देते. हा माझा रोग आहे. "द्या देऊन!" मी म्हणाले. "आत्ताच द्या!" आणि तो बिचारा खरंच हो समजला.

द्यायची नव्हतीच मला. सांगायला लाज वाटते इतका त्या गाडीवर माझा जीव जडला होता. क्रांती चौकाच्या सिग्नलला आजूबाजूला सगळ्या गाड्या घरघरत असतात, रिक्षावाले एकमेकांचा उद्धार करत असतात, आणि माझी गाडी इंजिन बंद करून एकदम गप्प उभी. बँकेत दिवसभर काउंटरपलीकडून कुणीतरी बोलत असतं, घरी आल्यावर घरचे बोलतात. दिवसातली तेवढीच दोन मिनिटं माझी होती.

म्हणून गुरुवारी बँकेतून तासभर सुट्टी काढून मी गाडी सर्व्हिसला नेली. तिथं सोनिया नावाची मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, बोलायला एकदम फटाफट. तिनं गाडी तपासली, एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही, मॅडम."

"मग अकरा कसं देते?"

"सकाळी निघाल्या निघाल्या आकडा एकदम खाली असतो ना?"

"असतो."

"वो तो होनाच है, मॅडम. रात्रभर उभी राहून गाडी थंड झालेली असते. मग बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतंच. आतलं तेल तापून पातळ व्हायला पाहिजे. आणि सायलेन्सरच्या नळीत धूर साफ करणारा एक डबा असतो, तो तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणून तोपर्यंत गाडी इंजिन बंद होऊ देत नाही. तेवढा वेळ ती दाबून पेट्रोल पिते. एकदा तापली की मग खरी हायब्रिड. गरज असेल तेव्हाच इंजिन, नाहीतर बॅटरी."

"तापायला किती वेळ?"

"पाचेक मिनिटं. घर कुठं तुमचं?"

"गारखेड्यात. आणि बँक क्रांती चौकात."

सोनिया हसली. "मग काय! गाडी तापते आणि तुम्ही उतरता." पण पुढच्याच क्षणी तिच्या कपाळाला आठी पडली. "तरी पण अकरा फार कमी आहे. जायला एकदा आणि यायला एकदा सुरू होत असेल तर पंधरा-सोळा पडायला पाहिजेत. मधे दुसरं कुणी चालवतं का?"

"छे! आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी त्या गाडीला हात लावत नाही," मी छाती पुढं काढून सांगितलं.

दोनच दिवसांनी दुसरा शनिवार होता. बँकेला सुट्टी, आणि नळाला पाणी यायचा दिवस. उजाडता उजाडता मी गच्चीवर टाकीपाशी उभी होते. एरवी त्या वेळेला मी स्वयंपाकघरात मिक्सर आणि कुकरच्या आवाजात असते, बाहेर काय चाललंय ते मला कळत नाही. खाली पाहिलं तर मामा अंघोळ करून, स्वच्छ पांढरा शर्ट घालून अंगणात आलेले. हातात माझ्या गाडीची किल्ली.

त्यांनी आधी बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. उदबत्ती पेटवली आणि एसीच्या जाळीत खोचली. मग सीटवर बसून बटण दाबलं. गाडी काही बोलली नाही. मामांनी मान तिरकी करून कान दिला. थोड्या वेळानं इंजिन घुरघुरायला लागलं आणि मामांचा चेहरा असा काही उजळला, की बस.

"उठली!" ते मोठ्यानं म्हणाले.

मग दोन्ही हात ष्टेरिंगवर ठेवून ते ताठ बसून राहिले. एकदा आरसा नीट केला. एकदा तर खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या कुणाला तरी 'जा पुढं' अशी खूण केली. मागं फक्त आमची तुळस होती. उदबत्ती अर्धी जळल्यावर त्यांनी गाडी बंद केली, काच पुसली आणि चहा प्यायला आत गेले.

टाकी भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, मामांवर पाळत ठेवली. नाश्ता झाल्यावर त्यांनी गाडी पुन्हा उठवली. संध्याकाळी जेवायच्या आधी तिसऱ्यांदा. दर वेळी तेच. घुरघुर ऐकायची, खूश व्हायचं आणि गाडी तापायच्या आत बंद. म्हणजे माझी गाडी दिवसातून तीनदा जागेवर उभ्या उभ्या पेट्रोल पीत होती, आणि इतकं पिऊन पुन्हा थंड होऊन बसत होती!

"आत्याबाई, हे असं रोज करतात?" मी विचारलं.

"रोज," लसूण सोलता सोलता आत्याबाई म्हणाल्या. "जीपला बी असंच करायचे. हिवाळ्यात जीप लवकर उठायची नाय, मंग पाशिंजर दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसायचे. म्हनून दिस उगवायच्या आधी एकदा घुर्र करून ठेवायचे, आन डिझेल जळू नाय म्हनून लगीच बंद. मंग चा. एक डाव सन चुकंल, पर गाडी उठवायची चुकायची नाय त्यांची."

मी तणतणत बाहेर गेले. चांगली दोन वाक्यं तयार ठेवली होती. मामा फडक्यानं आरसा पुसत होते. मला बघून म्हणाले, "योगिनी, गाडी लई शानी हाय तुझी. पर उठायला आळशी. बटन दाबलं का लगीच आवाज देत नाय. म्या कान लावून बसतो, तव्हा कुठं उठती. आता बग, कवा वाटंत दगा दिला का तिनं तुला?"

"नाही, मामा."

"देनार बी नाय. म्या हाय ना."

माझी दोन्ही वाक्यं फुकट गेली. मी आत आले आणि ओट्यावरची सगळी पातेली एकेक करून आपटली.

राग तर होताच. पण आत कुठंतरी भरूनही आलं होतं, आणि या दोन्हींचं एकदम काय करायचं ते मला समजत नव्हतं. मी एक वाक्य बोलले असते तर माझी गाडी वाचली असती. पण ते वाक्य ज्यांच्यापुढं बोलायचं ते कोण, तर मामांचे दोन मुलगे आणि काकासाहेब. आयुष्यभर मामांच्याच लाइनीत जीप चालवलेल्या काकासाहेबांसमोर सांगायचं, की मुंजाबांनी सुनेच्या गाडीची वाट लावली? आणि मामांना एकट्याला गाठून सांगितलं असतं, तर तेच रविवारी मान खाली घालून सगळ्यांपुढं उभे राहिले असते. ते मला बघवलं नसतं. गेली गाडी तर गेली, मी स्वतःला सांगितलं. मनातल्या मनात रामेश्वरला मात्र दोन-चार ठेवून दिल्या.

रविवारी सकाळी हा रामेश्वर पहिल्या एसटीनं हजर. सौदा हातचा जाऊ नये म्हणून स्वतः न्यायला आला होता! मामांनी उजाडल्याबरोबर गाडी उठवून ठेवलीच होती. नाश्ते, अंघोळी, आत्याबाईंचं पातळ बदलणं, एवढं सगळं होऊन आम्ही निघालो तोवर ती पुन्हा थंड. मी चालवत होते, शेजारी मामा. मागं आदिनाथ, आत्याबाई आणि रामेश्वर.

गल्लीच्या तोंडाशी रामेश्वरनं दोन सीटांच्या मधून मुंडी पुढं काढली. "सात! वहिनी, ही गाडी हाय का पान्याचा टँकर?"

मागं तिघंही हसले. मी ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की जबडा दुखायला लागला.

छावणी मागं पडली, मिटमिट्याजवळ रस्ता मोकळा झाला, आणि इंजिन गप्प झालं. गाडी चालतच होती, फक्त आवाज नव्हता. आकडा बारा झाला. थोड्या वेळानं पंधरा. दौलताबादच्या चढाला इंजिन पुन्हा बोललं, पण वेरूळकडं उतरताना ते असं चिडीचूप झालं की मागं आत्याबाईंच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. आकडा वीस झाला.

"मीटर बिघडलं वाटतं," रामेश्वर हळूच म्हणाला. यावेळी कुणी हसलं नाही.

मामा मघापासून पडद्याकडं टक लावून बसले होते. "योगिनी, इंजान बंद हाय व्हय आता?"

"हो मामा. बॅटरीवर चाललीय."

"मंग गल्लीत कामून वरडत व्हतं?"

मी रस्त्याकडं पाहत राहिले. "थंड होती. तापेपर्यंत इंजिन चालूच राहतं. तेवढ्या वेळात पेट्रोल जास्त लागतं."

"आन तापली म्हंजी?"

"मग लागेल तेवढंच."

उसाच्या दोन बैलगाड्या मागं पडल्या. मग मामांनी विचारलं, "आन तापायच्या आत बंद केली तर?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण ज्या माणसाचा जन्म इंजिनाशेजारी गेला त्याला काय सांगणार? "तर मग पुन्हा पहिल्यापासून, मामा."

ते खिडकीबाहेर बघायला लागले, ते थेट कन्नड येईपर्यंत. आकडा चोवीस झाला होता आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

काकासाहेब स्टँडजवळच्या हॉटेलाबाहेर आपल्या भल्यामोठ्या डिझेल गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मामांना मिठी मारली, चहा सांगितला आणि माझ्या गाडीभोवती फिरून आले. "मुंजाबा, तू खोटं बोलनार नाय. देते किती?"

रामेश्वर पुढं सरसावला. "काका, घरी अकराच्या वर—"

मामांनी हात वर केला. "चोवीस. म्या डोळ्यांनी बगत आलो. घरी अकरा देत व्हती ती माझ्यापायी."

"आबा, तुमच्यापायी कशी?" आदिनाथ म्हणाला.

"म्या रोज उठवायचो तिला. दिसातून तीनदा. आन तापायच्या आत निजवायचो, जीपवानी. ही जीप नाय हे माझ्या ध्यानातच आलं नाय." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिनं काल बगितलं मला. पर बोलली नाय. गाडी जाऊ दिली असती, पर बोलली नसती."

"तुम्हाला कसं कळलं मी पाहिलं ते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पातेली लई वाजली काल. आवाजावरनं म्या इंजान वळखतो, सून वळखायची नाय व्हय?"

काकासाहेब असे हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. "आरं मुंजाबा, म्या बी माझी ही डिझेलची रोज तशीच उठवतो! पोरगं वरडतं, तरी उठवतो! लाइनीतल्या सगळ्यांला हाच रोग हाय!" मामाही हसायला लागले, आत्याबाई पदरात तोंड लपवून हसल्या. हसणं जरा ओसरल्यावर काकासाहेबांनी मला विचारलं, "मंग बाई, द्यायची का मला ही?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की हॉटेलवाला बाहेर आला.

"म्या तर पयल्यापासून म्हनत व्हतो, वहिनीची गाडी चांगली हाय," रामेश्वर म्हणाला. आदिनाथनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

निघताना मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता नाय उठवनार. तुझी तू चालव, पोरी." हसतच म्हणाले, पण मला ते लागलं. माझी गाडी वाचली होती आणि त्यांची सकाळ गेली होती. हा कसला न्याय?

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "उठवा की रोज. फक्त उठवल्यावर बंद करू नका. तशीच बाहेर काढा. मला बँकेत सोडा, येताना दूध, भाजी, आत्याबाईंचं देऊळ, सगळं एकाच फेरीत आटपा, म्हणजे ती थंडच व्हायची नाही. आणि सुरुवात आजपासून. परत जाताना तुम्हीच चालवायची."

"म्या? ही?"

"अगं, आबांचं लायसन कधीच संपलं असेल," आदिनाथ म्हणाला.

मामांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक कार्ड काढून आदिनाथच्या हातात दिलं. कोरं करकरीत, कोपरेसुद्धा न दुमडलेलं. "गेल्या साली नवं करून आनलं. शहर बसनं गेलतो आरटीओत."

"आवं, मला बी नाय सांगितलं! कशापायी?" आत्याबाईंनी विचारलं.

"असू दे म्हनलं जवळ," मामा म्हणाले. "कुनी तरी कवा तरी म्हनंल, चला मुंजाबा, गाडी काढा."

आदिनाथ ते कार्ड उलटसुलट करत राहिला. मी सरळ रडले, तिथंच, स्टँडवर, पाशिंजरांच्या गर्दीत. रामेश्वर जाऊन गाडीचं पुढचं दार उघडून उभा राहिला. "चला आबा," तो म्हणाला, "गाडी काढा."

मामा बसले. बटण दाबलं. डाव्या पायानं क्लच शोधला, सापडला नाही. "ह्या पायाचं काय करू?"

"आराम करू द्या त्याला," मी म्हणाले. "पुष्कळ राबलाय."

गाडी स्टँडबाहेर पडली. रामेश्वर कन्नडलाच राहायचा होता, पण तोही आमच्याबरोबर बसला. वर म्हणाला, रात्रीच्या एसटीनं परत येतो, आबांची गाडी सोडून कसा जाऊ. पहिली काही मिनिटं मामा अवघडून बसले होते. मग खांदे सैल पडले, एक हात खिडकीवर गेला, आणि ते कसलंसं गाणं गुणगुणायला लागले. आत्याबाई मागून म्हणाल्या, "लई वर्सांनी म्हनतेत." आकड्याकडं कुणी बघतही नव्हतं.

वेरूळच्या अलीकडं एका फाट्यावर एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन उन्हात उभी होती. मामांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मला काही कळायच्या आत त्यांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात आरोळी ठोकली, "औरंगाबाद, औरंगाबाद, औरंगाबाद! चला मावशी, बसा लवकर!"

"आवं, जागा कुठाय गाडीत?" आत्याबाई ओरडल्या.

मामांनी आरशातून मागं पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. "सरका की जरा. एक बसतंय अजून."

आम्ही सगळे सरकलो.